वहीतला ‘च’

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. दादरच्या फलाटावर मी एकापाठोपाठ चार कल्याण लोकल सोडल्या. गर्दी रोजचीच होती, पण घर डोळ्यांसमोर आलं की पाय उचलत नव्हता. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन पाच महिने झालेले, ह्यांची बदली नागपूरला, मुलगा दहावीत. सांभाळणाऱ्या मावशी सातला निघायच्या, त्यानंतर सगळं माझ्यावर. छातीत धडधडायचं, रात्री दोनला टक्क जाग यायची. ईसीजी चांगला आला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी विचारलं, “हे कुणाशी बोलता का हो?” मी तिथंच रडायला लागले.

पहिल्या समुपदेशकांकडे दोनदा गेले. ते योगासनं सुचवत राहिले, माझं ऐकणं राहूनच गेलं. पुढे गेले नाही. मग एका रात्री १४४१६ लावला. मानसिक त्रासासाठीची टेली-मानस ही सरकारी फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पलीकडची मुलगी म्हणाली, “ताई, एका ठिकाणी जमलं नाही म्हणून थांबू नका.” पहिल्याच अनुभवाने नाद सोडणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

दुसऱ्या मॅडमची फी पाऊण तासाला आठशे. परवडेना, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा ठरवलं. आधी त्यांनी नुसतं ऐकलं. तिसऱ्या भेटीत शंभर पानी वही आणायला सांगितली. पानावर तीन रकाने : काय घडलं, मनात काय आलं, मग काय झालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडली. मला मधला रकाना पटतच नव्हता. सासूबाई आजारी आहेत म्हणून मला त्रास होतो, यात विचाराचा काय संबंध?

मॅडमनी लाल पेनाने माझ्या पानावर गोल काढायला सुरुवात केली. ‘मलाच करावं लागतं.’ ‘सगळं वेळेवर झालंच पाहिजे.’ ‘भावजींना कळायलाच हवं.’ एका पानावर अकरा ‘च’.

“हा ‘च’ काढून वाचा बघू.”

“भावजींना कळायला हवं.”

“त्यांना सांगितलंत?”

नव्हतं सांगितलं. ऑफिसात, शेजारी, बहिणीला, सगळ्यांना सांगून झालं होतं. ठाण्यात राहणाऱ्या दिरांना सोडून. मॅडमचा इतका राग आला की पुढची भेट मी रद्द करणार होते.

गेले ते बरं झालं. त्या भेटीत त्या भावजी झाल्या आणि मी बोलायचा सराव केला. “तुम्हाला वेळ असेल तर, म्हणजे जमलं तर…” त्यांनी थांबवलं. पुन्हा. चौथ्यांदा वाक्य सरळ आलं : “भावजी, रविवारी सकाळी नऊ ते दोन तुम्ही आईंजवळ थांबाल का?”

फोनवर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “वहिनी, मला वाटायचं मी केलेलं तुम्हाला आवडणार नाही.”

अकरा भेटी झाल्या. सासूबाईंचा उजवा हात अजून उचलत नाही, ह्यांची बदली रद्द झालेली नाही, धडधड अधूनमधून येते. आली की वही काढते.

पहिल्या रविवारी दोनला घरी आले, तर सासूबाई शांत झोपल्या होत्या. भावजींनी त्यांची वेणी घातली होती. वाकडी, अर्धी सुटलेली. माझा हात कंगव्याकडे गेला. मग कंगवा तिथंच ठेवला आणि आम्हा दोघांना चहा टाकला.