अंबरनाथ : स्थानकापासून वालधुनीच्या काठापर्यंत

अंबरनाथला येणारे बहुतेक पाहुणे स्थानकाबाहेर रिक्षा धरतात आणि थेट शिवमंदिर गाठतात. मी पूर्वेकडचे ते जेमतेम दोन किलोमीटर पायी गेलो आणि गावाची घडण त्यामुळेच उमगली. १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीकडे लोहमार्ग गेला, त्याने वस्तीचे पूर्व-पश्चिम भाग केले. पुढे पश्चिमेला ‘विमको’ कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना आणि आयुध निर्माणी आली. ‘विमको नाका’ हे नाव त्याच काळाची खूण आहे. हवा स्वच्छ असेल, तर दक्षिणेला मलंगगडाचे सुळके दिसतात.

मंदिर मात्र रुळांचे नव्हे, वालधुनीचे शेजारी आहे. ही छोटी नदी येथून उत्तरेला उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते आणि उल्हास नदीला मिळते. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळात जिच्या काठी देवालय उभे राहिले, तिचे आजचे काळवंडलेले पाणी पाहून मन खिन्न होते.

मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. शिलाहार राजा छित्तराजाने आरंभलेले काम त्याचा धाकटा भाऊ मुम्मुणी याच्या कारकिर्दीत पूर्ण झाले, असे मानले जाते. काळ्या पाषाणातील हे भूमिज शैलीचे (म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी रचण्याच्या पद्धतीचे) मंदिर पश्चिमाभिमुख असून त्याचे शिखर आज अपुरे आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे लागते, आणि तेथे मान वर केली की डोक्यावर आकाश दिसते. तरीही माझा अधिक वेळ बाहेरच गेला, कारण बाह्य भिंतींच्या असंख्य कोनांमुळे दर दोन पावलांवर नवे शिल्प सामोरे येते.

हे कोरीवकाम पाहण्यासाठी किमान दीड तास हाताशी ठेवावा. पश्चिमेकडील प्रवेशमंडपावर दुपारनंतर ऊन येते, मागची भिंत सकाळी उजळते. छायाचित्रे काढणाऱ्यांनी वेळ त्यानुसार ठरवावी. गाभाऱ्याच्या पायऱ्या ओल्या आणि अंधाऱ्या असतात, म्हणून वृद्धांना हात द्यावा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस दर्शनाचे आहेत, शिल्पे न्याहाळण्याचे नव्हेत. मुंबईहून अंबरनाथ, बदलापूर, कर्जत किंवा खोपोली यांपैकी कोणतीही लोकल चालते. परतताना मात्र अंबरनाथहूनच सुटणारी गाडी पाहावी, म्हणजे बसायला जागा मिळण्याची शक्यता वाढते.