कटिंग्ज सडल्या, पण पाणी तर तेवढंच होतं

नर्सरीत कटिंग्जचं, म्हणजे फांद्यांचे तुकडे लावून नवीन रोपं करायचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी शेडमध्ये शिरतोय तोच मदतीला असणारा पोरगा म्हणाला, "दादा, फिलोडेंड्रॉनचे हे ट्रे बघा जरा." एक कटिंग हलकेच ओढली तर अलगद हातात आली, खालचं टोक काळं पडलेलं, दाबलं तर साल निसटून आली आणि आंबूस वास. शेजारच्या ट्रेमध्ये मात्र पांढरी मुळं फुटायला लागली होती! मदर प्लांट (ज्यावरून कटिंग्ज घेतल्या ते झाड) एकच, मिस्टचा म्हणजे पाण्याच्या बारीक फवाऱ्याचा टायमर एकच, फरक इतकाच की सडलेल्या ट्रेमध्ये नवीन बॅगेतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं.

सगळे म्हणाले पाणी जास्त झालं. मला काही पटेना, मग दोन्ही ट्रेमधलं मिक्स, म्हणजे कटिंग्ज लावायचं मिश्रण तपासलं. कुंडीची भोकं टेप लावून बंद केली, एक लिटर मिक्स भरलं, वरपर्यंत पाणी मुरवलं आणि मग टेप काढून खाली गळलेलं पाणी मोजलं. गळून गेलेल्या पाण्याच्या जागी हवा शिरते, म्हणजे मुळांना श्वास घ्यायला किती जागा आहे ते लगेच कळतं. जुन्या मिक्समधून २०० मिलीच्या वर पाणी आलं, नव्यातून जेमतेम ७०. नवीन कोकोपीट हातात घेऊन बघितलं तर नुसता भुगा, तंतू जवळपास नाहीतच, भुग्यातली सगळी बारीक भोकं पाण्याने भरून बसलेली.

कोणीतरी सुचवलं तळाला खडी घालू, पण त्याने उलटंच होतं. कुंडीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतोच, खडी घातली की तो थर वर सरकतो आणि कटिंगच्या टोकाला जाऊन भिडतो. उथळ ट्रेमध्ये तर हे जास्तच जाणवतं, कारण मिक्सची उंचीच कमी असते.

मग कोकोपीट चाळून भुगा बाजूला काढला, उरलेलं धुतलं (क्षार असतात त्यात, नवीन मुळांना ते सोसत नाहीत) आणि तेवढंच जाडसर परलाइट (पांढरे, हलके दाणे) मिसळलं. खत अजिबात नाही, मुळंच नाहीत तर खाणार कोण. काळा भाग संपून आत स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत प्रत्येक कटिंग कापली, दर वेळी ब्लेड स्पिरिटने पुसून. ज्यांना निदान एक चांगला डोळा उरला त्या परत लावल्या, बाकीच्या फेकून द्याव्या लागल्या, फार जीवावर आलं. आता नवीन बॅग आली की आधी टेप लावलेली कुंडी बाहेर निघते, मगच ट्रे भरायला घेतो.