खारपाणपट्ट्यातल्या पांदणींवर एकट्याने, एक दिवस

वऱ्हाडात वाळवंट नाही. वर्षाला सरासरी ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी हरभरा निघाल्यावर, एप्रिलात, मूर्तिजापूर-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात उभं राहून बघावं. नजर जाईल तिथवर उघडी, भेगाळलेली जमीन, धुऱ्यावर एखादी हिवर नाहीतर बाभूळ, आणि दहा वाजले की समोर मृगजळ. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. हा मुलूख डांबर सोडून, फोर बाय फोर गाडी घेऊन एकट्याने बघायचा हे फार दिवस मनात होतं.

एकटं जायचं तर अर्धं काम घरीच होतं. गावनकाशे काढून पांदणी, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या कच्च्या वाटा, कुठून कुठे निघतात ते बघून ठेवलं. दर्यापूरला मेहुणे असतात, त्यांना वाटेतली गावं क्रमाने लिहून पाठवली. चारपर्यंत फोन आला नाही तर कुठून शोधायला लागायचं तेही सांगितलं. गाडीत फावडं, दोर, हवा भरायचा कॉम्प्रेसर, जॅक आणि सागाची जाड फळी. मऊ जमिनीत फळीशिवाय जॅक लावला तर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. पाणी २० लिटर घरचंच घेतलं. इकडे पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण धरणावरून आलेलं नळाचं पाणी लोक जपून वापरतात. त्यावर आपण डल्ला मारू नये.

आणि आभाळ बघितलं. अवकाळीची एक सर जरी आदल्या दिवशी पडली असती तरी गेलो नसतो. ही माती पाण्याने फुगते, टायरच्या खाचा लिंपून टाकते, मग फोर बाय फोरही जागच्या जागी फिरत बसते.

मूर्तिजापूरहून उजाडताना निघालो. लाखपुरीच्या अंगाला शकुंतला रेल्वेचा अडीच फुटी रूळ गवतात पडलेला दिसतो. वऱ्हाडचा कापूस वाहायला टाकलेला तो मार्ग. पूर्णा नदी पुलावरूनच ओलांडली आणि पुढे पांदणीला लागलो. चाकांतली हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणली. बैलगाडीच्या चाकोऱ्यांत फुफाटा इतका खोल की गाडी आपोआप त्यातच चालते. स्टिअरिंग सैल धरायचं, भांडायचं नाही. पेरलेल्या-नांगरलेल्या वावरात मात्र चाक घालायचं नाही, पांदण कितीही खराब असली तरी.

पूर्णेच्या काठाची माती म्हणजे शेकडो फूट जाड गाळ. पावसाचं पाणी तो कापत जातं आणि उभ्या घळी पडतात. एका नाल्याच्या तोंडाशी गाडी बंद करून उतरलो. काठावर पांढरट खार फुलला होता, बोटाने घासला तर पिठासारखा निघाला. उतार चालून गेलो, टाचेने माती दाबून बघितली. खाली रेती, आतून ओल नाही. पलीकडची चढण कुठून घ्यायची ते ठरवत होतो तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक म्हातारबाबा आले.

"कुठी जाऊन राहिले जी एकटेच?"

सांगितलं. त्यांनी काठीने उजवीकडची बाजू दाखवली. "तिकडून उतरू नका भाऊ. वरून बरी दिसते, पन खालून पोकळ हाये. पुरानं खाल्ली."

मला वरून तीच बाजू सोपी वाटली होती. खाली वाकून बघितलं तर खरंच, मातीचा पापुद्रा तेवढा अधांतरी राहिलेला. एकट्याने गाडी चालवताना असा माणूस भेटणं हा मोठा आधार. मी त्यांना विचारत राहिलो, ते सांगत राहिले: कुठली विहीर खारी, कुठल्या शेततळ्यात अजून पाणी आहे, काळवीट सकाळी कुठे असतात.

डावीकडून फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सावकाश चालीत, पहिल्या गिअरला उतरलो. ब्रेकवर पाय नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. रेतीत एका चालीत राहिलो, थांबलो नाही, स्टिअरिंग फिरवलं नाही. पलीकडे चढून मागे बघितलं तर बाबा काठी वर करून उभे.

पुढे त्यांनी सांगितलेल्या जागी काळविटांचा कळप दिसला. मी इंजिन बंद केलं. काळा नर मान ताणून उभा होता, माद्या हरभऱ्याच्या कुटारात तोंड घालून. कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. घाई करणारं शेजारी कुणी नव्हतं, ह्यासाठीच तर एकटा आलो होतो.

ऊन चढल्यावर लासूरला आनंदेश्वराच्या हेमाडपंती देवळात टेकलो. काळा दगड, आत गारवा. भाकरी, ठेचा, कांदा. तिथूनच मेहुण्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आता इकडेच या, ताईनं पन्हं करून ठेवलंय." चाकांत हवा भरली. कॉम्प्रेसर उन्हात तापतो म्हणून दोन चाकं झाली की त्याला थांबवावं लागलं. मग डांबरी धरून सरळ दर्यापूर.