बिनमिठाच्या दशम्या

यवतला मी उपाशी झोपलो. तुकोबांच्या पालखीत चाललेल्या कुणालाही हे सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग विश्वास ठेवणार नाही. यवत म्हणजे पिठलं-भाकरी, घराघरातनं भाकऱ्यांच्या चवडी येतात, मोठाल्या कढयांत पिठलं रटरटत असतं, आणि लोणी काळभोरहून हायवेचं डांबर तुडवत आलेली माणसं उरुळी कांचनपासनंच त्या पिठल्याच्या गप्पा मारत असतात. मी सांगितलं पोट बिघडलंय. मग ट्रकच्या मागं जाऊन बिस्किटाचा पुडा खाल्ला आणि आडवा झालो. तंबूत पिठल्याचा वास येत होता, कुणीतरी ढेकर देत होतं, आणि मला सगळ्यांचा राग येत होता.

पोट ठणठणीत होतं. पिठलं मला खाता येत नाही, म्हणजे माघापासनं येत नाही.

आप्पा माघात गेले. एकोणीस वर्षं ह्याच दिंडीत चालले, मध्ये 2020 आणि 2021 ला पादुका एसटीनं गेल्या तेव्हा गच्चीवर फेऱ्या मारून त्यांनी किलोमीटर भरून काढले, आई म्हणायची खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील, पण कुणी केली नाही. दिंडीत त्यांच्याकडं वरणाची बादली असायची. पंगत बसली की हे बादली आणि पळी घेऊन फिरायचे, सगळ्यांचं झाल्यावर वाढप्यांच्या पंगतीत बसायचे. हे मला माहीत होतं पण फोटोपुरतं. घरातला माणूस वेगळा होता. घरातला माणूस पहिला घास घ्यायचा, थांबायचा, आणि म्हणायचा, मीठ कमी आहे. आईनं चाळीस वर्षं हे ऐकलं. कधीकधी ताट सरकवायचे सुद्धा. मी लहानपणी मनात म्हणायचो की वारीत जाऊन पत्रावळीवर पडेल ते खाणारा माणूस घरी एवढा लाडावलेला कसा, आणि खरं सांगायचं तर अजूनही म्हणतो.

मग किडन्या गेल्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, पाणी मापानं, आणि मीठ जवळजवळ बंद. धडधाकट माणसानंही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, तर आप्पांचं त्याच्या कितीतरी खाली आणलेलं. भाजी चिरून उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम निघून जावं म्हणून, चवही त्याच पाण्यातनं मोरीत जाते. कमी सोडियमचं मीठ मिळतं म्हणून मी हौसेनं पुडा आणला तर डॉक्टर म्हणाले तेही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. घरात ह्या सगळ्याचा पोलीस मी होतो. मिठाची बरणी मी कपाटावर ठेवली, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशी, आणि स्टूल बाल्कनीत. आठ महिने त्या माणसानं एकदाही मीठ कमी आहे म्हटलं नाही. शेवटच्या रात्री मूगडाळीचं पाणी आणि मऊ भात होता, दोन चमचे घेतले, ताट सरकवलं, काही बोलले नाहीत. पहाटे गेले.

स्मशानातनं आल्यावर घरात चूल पेटत नाही हे सगळ्यांना माहीतच आहे. शेजारच्या काकूंनी कडू घासाला पिठलं-भाकरी आणली. हिरव्या मिरचीचं, लसूण ठेचून घातलेलं, मीठ अगदी बेतशीर. घास घशाखाली उतरत नाही म्हणतात त्या वेळेला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मामा बघत होता, आई भिंतीकडं तोंड करून बसलेली, आणि मी बोटं चाटत होतो. आठ महिने मीही घरात त्यांच्यासोबत तेच अळणी खात होतो हे एक झालं, पण ते कारण म्हणून पुरत नाही. इतकं चवदार पिठलं मी जन्मात खाल्लं नव्हतं. तर यवतला मी उपाशी झोपलो ते असं.

वरवंडचं काही आठवत नाही, पाऊस होता का नव्हता तेही नाही.

पाटसच्या पुढं रोटीचा घाट लागतो. घाट म्हणून तो फार मोठा नाही, दिवेघाटवाले नाक मुरडतील, पण माझ्या डाव्या टाचेला तोपर्यंत लिंबाएवढा फोड आलेला आणि उजव्या पायाच्या करंगळीचं नख हलत होतं. नवीन शूज घालून वारीला येऊ नये हे मला निदान सहा जणांनी सांगितलं होतं. रथाला जादाच्या बैलजोड्या लावलेल्या, वर ज्ञानोबा-तुकारामचा नुसता कल्लोळ, माणसं नाचत चढत होती, साठीच्या बाया फुगड्या घालत होत्या आणि मी प्रत्येक पावलाला मनातल्या मनात घाण घाण शिव्या देत होतो. शूजला, मग दिंडीला, मग टाळ जरा जास्तच जोरात वाजवणाऱ्या माझ्या मागच्या माणसाला, मग आप्पांना. शेवटी पांडुरंगालाही एक दिली. कुणाला काही फरक पडला नाही.

घाट चढून गेल्यावर तो माळ सुरू होतो, जिरायत सगळं, सावली म्हणून नाही. मी दिंडीतनं बाहेर पडलो. दोनेकशे पावलांवर एक वस्ती होती, पत्र्याचं घर, पुढं शेवग्याचं झाड, दोन शेळ्या, बाजेवर एक मावशी बसलेली. पासष्टीच्या असतील. मला बघून त्या उठल्याच नाहीत, बसल्या जागेवरनं म्हणाल्या, "बस की रं माउली सावलीला, पांडुरंग काय पळून चाललाय व्हय."

बसलो. शूज काढला तर मोजा फोडाला चिकटलेला. त्यांनी बघितलं आणि पहिल्यांदा बाजेवरनं उठल्या. आतनं तांब्या आणला, परात आणली, आणि परातीत माझा पाय ठेवून स्वतः पाणी ओतायला लागल्या. मी म्हणालो मावशी राहू द्या, मी करतो. "वारीतला पाय तुझा नसतो, गप बस." मग सुई आणि पांढरा दोरा. सुई चुलीच्या जाळावर धरली, फोडातनं अलीकडनं पलीकडं काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडनं टोकं कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि वरची कातडी निघत नाही. डॉक्टर लोक ह्यावर ओरडतात हे मला ठाऊक आहे. पण त्या वेळी टाचेतनं जे गरम पाणी वाहिलं ना, त्यासारखं सुख मला कुठल्या दर्शनात मिळालेलं नाही, हे लिहू नये पण लिहितो.

मग त्यांनी ताकात भाकरी कुस्करून दिली. सकाळची, बाजरीची, वर मिठाचा खडा फोडून टाकलेला आणि कांदा. मी खाताना त्या समोर बसून बघत होत्या. बाया अशा बघतात जेवणाऱ्याकडं, आई बघते तशी, पण आई आता बघत नाही, आई टीव्ही लावते.

"घरी कोण कोण?"

आई, बायको, मुलगी, म्हणालो. आणि मग कसं कुणास ठाऊक तोंडातनं गेलं, वडील.

"ते न्हाई आले?"

"त्यांना बरं नाही. मीठ चालत नाही त्यांना."

आता ह्या दोन वाक्यांचा संबंध काय, पण मावशींना तो लागला. "अरं देवा," म्हणाल्या, "मग खातो काय बिचारा?" मी सगळं सांगत बसलो. उकळून पाणी टाकायचं, मुगाची डाळ, मापाचं पाणी, सगळं चालू वर्तमानकाळात, जणू संध्याकाळी घरी जाऊन बरणी वर आहे ना बघायचीय. दहा मिनिटं मी मेलेल्या माणसाचा डाएट चार्ट सांगितला. त्या मध्येमध्ये "आगं आई" म्हणत होत्या. शेवटी उठल्या, आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. लांबून टाळ ऐकू येत होते, आमची दिंडी निघून गेली होती, मागून दुसरी कुठली तरी चाललेली. मला वाटलं निघावं. मग परातीवर थापटल्याचा आवाज आला, आणि मी कपाळाला हात लावला, ह्या बाईनं माझ्या थापेवर चूल पेटवलीय.

तीन दशम्या. दुधात मळलेल्या, स्वच्छ धडप्यात बांधलेल्या. "ह्यात मिठाचा कण न्हाई. दुधातल्या हायती, चार दिस काय हुत न्हाई. पंढरपुरातनं घरी गेलास की म्हाताऱ्याला दे, म्हणावं वारीतनं आल्यात." मी त्यांच्या पाया पडलो, त्या माझ्या पडल्या, वारीत पडतात तसं, पण मला उभं राहवेना. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, देतो. पंढरपूरला पोचायलाच दहा-अकरा दिवस होते आणि त्यांनी चार दिवस सांगितलेले, हा हिशोब त्यांना कळत नव्हता असं नाही, पण तो दोघांनीही केला नाही.

उंडवडी, बारामती. काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, सगळ्यांनी मोबाईल वर केलेले, मला मेंढ्यांच्या पाठीच दिसल्या. सणसर. पिशवीत ते धडपं. रोज रात्री उघडून वास घ्यायचो, आंबला नाही ना. कुणाला द्याव्या तर काय म्हणून द्याव्या, नदीत सोडाव्या तर अन्न आहे. एकदा वाटलं कावळ्याला घालाव्या. दहाव्याला कावळा पटकन शिवला होता आमच्या, गुरुजी म्हणाले इच्छा राहिली नाही काही, आणि मला तेव्हाच खोटं वाटलं होतं. पिंडालाही मीठ नसतं.

बेलवाडीचं रिंगण झालं त्या रात्री निमगाव केतकीत पाऊस कोसळला. आमचा भांड्यांचा ट्रक चिखलात रुतला, तंबू निम्मे उभे निम्मे आडवे, अकरा वाजले तरी जेवणाचा पत्ता नाही. आचारी आणि ट्रकवाल्यात भांडण लागलेलं, एक बुवा मोठ्यानं नामस्मरण करत होते आणि मला त्यांचंही डोकं फोडावंसं वाटत होतं. भुकेनं हात थरथरायला लागले. मी अंधारात, पांघरुणाखाली, धडपं सोडलं आणि दशमी खाल्ली. चोरासारखी. शेजारी चाळीस माणसं उपाशी आणि मी आवाज न करता चावत होतो. दुसरी पण खाल्ली. आप्पांची आठवणबिठवण काही आली नाही, भूक लागली होती म्हणून खाल्ली.

तिसरी काढली तर शेजारनं आवाज आला, "काय खातोस रं?" आमचे विणेकरी, सत्तरीचे, आप्पांच्या बरोबरीचे. दिवसभर वीणा गळ्यात, खाली ठेवता येत नाही, आता दुसऱ्याच्या गळ्यात देऊन अंग टाकलेलं. मी अर्धी मोडून त्यांच्या हातात दिली. म्हणालो, "एका मावशींनी आप्पांसाठी दिल्या होत्या." ते आप्पांच्या तिरडीला खांदा दिलेले. त्यांनी काही विचारलं नाही. चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ न्हाई ह्यात. तुझ्या बापानं फेकून दिली असती."

मला हसायला आलं आणि थांबेना, पांघरूण तोंडात कोंबलं तरी थांबेना, आणि म्हातारा पण खुसखुसायला लागला, पलीकडनं कुणीतरी ओरडलं झोपा रे. मी विचारलं, "म्हणजे इथं पण?" "इथं पण? रोज! नैवेद्य झाला की बादली घ्यायच्या आधी हातावर थेंब घ्यायचा. आचारी त्याच्या नावानं बोटं मोडायचा. तीन आचारी बदलले दिंडीनं, बाप तुझा तोच."

इंदापूर झालं. सराटीला पादुकांचं नीरास्नान, गर्दीत माझा चष्मा गेला, तिथून पुढची वारी मी थोडी धूसरच बघितली. अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा माणसाला कसं होतं ते सगळ्यांनी लिहिलेलं आहे. एकादशीला रांग कळसापर्यंत सुद्धा नजर पोचू देत नव्हती, मी चंद्रभागेत पाय बुडवले, टाचेतला दोरा अजून होता, तो तिथं ओढून काढला. कळसाला हात जोडले आणि परत आलो. वाईट वाटलं नाही. किंवा थोडं वाटलं.

द्वादशीला पारणं. मठाच्या अंगणात पंगत, पुरणपोळी नाही काही नाही, साधं वरण-भात, बटाट्याची भाजी, शिरा. आदल्या दिवशीच्या साबुदाण्यानं सगळ्यांची तोंडं कडू झालेली, भाताच्या वाफेकडं माणसं देवाकडं बघावं तशी बघत होती. पंधरा दिवस मी पाणी वाढत होतो, नवीन माणसाला पाणीच देतात. नैवेद्याचं ताट परत आलं, आचाऱ्यानं पातेल्यातनं बादलीत वरण ओतलं आणि पाण्याचा जग माझ्या हातातनं काढून घेऊन बादली दिली. पंगत बसली होती, श्लोक सुरू व्हायचा होता. विणेकरी पहिल्याच पाटावर, माझ्याकडं बघत.

आचारी म्हणाला, "घे मग चाखून, तुमच्याकडची रीतच आहे ती."

मी डाव्या हातानं बादली धरली, पळीनं उजव्या तळव्यावर थेंब घेतला. गरम होतं. हिंग, जरासा गूळ.

"कमी आहे," म्हणालो.

त्यानं मला एक शिवी दिली आणि मिठाचं डबडं उघडलं.