आक्षीच्या पुळणीवर कुरवांना भेटायला

करकोच्यांचे मोठे थवे पाहायचे तर राजस्थानात खीचनला जावं लागतं. तेवढी रजा आणि खर्च नेहमी जमत नाही. पण हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही दूरदेशीचे पाहुणे उतरतात: कुरव (सीगल), सुरय (टर्न), चिखल्या (प्लोव्हर), तुतारी (सँडपायपर). मुंबईहून शनिवार-रविवारात त्यांना निवांत पाहायचं, तर मला अलिबागजवळच्या आक्षीसारखी सोयीची जागा दुसरी दिसत नाही.

गेटवेहून मांडव्याची बोट तासाभराची. तिकिटातच मांडवा-अलिबाग बस येते. पुढे रेवदंड्याकडची एसटी नाहीतर रिक्षा. बोटीमागे कुरव घिरट्या घालत येतात आणि लोक त्यांना गाठ्या, वेफर्स भिरकावतात. कृपा करून हे करू नका. वसंतात उत्तरेला परत उडायचं म्हणून या पक्ष्यांना अंगात चरबी साठवायची असते, आणि ती मासे-किडे खाऊनच साठायला हवी. तळलेलं, खारवलेलं फरसाण त्यांचं अन्न नव्हे.

खरी तयारी भरतीच्या वेळेची. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पक्षी म्हणजे नुसते ठिपके. भरती चढू लागली की पाणीच त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. मुक्काम जवळच्याच एका घरी होता. संध्याकाळी पुळणीवर जाळं सांधत बसलेल्या एका काकांना विचारलं, तर त्यांनी मोबाइलकडे न बघताच हिशोब सांगितला.

“तिथीची पाऊणपट करायची, ताई. उद्या एकादशी, म्हणजे सव्वाआठला पाणी भरणार. तुम्ही तासभर आधी येऊन बसा.”

एकादशी आणखी एका कारणाने बरी. उधाणाचे दिवस नसल्यामुळे पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत येत नाही, वर वाळूची पट्टी उरते आणि थवे तिथेच विसावतात. शिवाय सकाळचं ऊन आपल्या पाठीशी असतं, त्यामुळे पिसांचे रंग स्वच्छ दिसतात.

उजाडताना सुरूच्या कडेला खाली बसकण मारली. पक्ष्यांच्या मागे चालत गेलं की ते उडतात. आपण बसून राहिलं की तेच सरकत जवळ येतात. आधी आले सँडरलिंग. लाट मागे फिरली की तिच्यामागे धावायचं, चोच खुपसायची, पुढची लाट आली की तुरुतुरु परत. या पक्ष्याला मागचं बोटच नसतं. मग कुरव उतरले. हिवाळ्यात काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा या दोन जातींची फार गल्लत होते, कारण दोघांच्याही डोक्याचा गडद रंग गेलेला असतो आणि कानामागे फक्त एक डाग उरतो. दुर्बीण डोळ्यावर स्थिरावली तेव्हा बुबुळ फिकट दिसलं, पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसले. तपकिरी डोक्याचा कुरव! लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटं करणारा हा पक्षी माझ्यासमोर अलिबागच्या वाळूत पंख साफ करत होता. मला भरून आलं.

आणि कालवफोडे. काळे-पांढरे, लांब केशरी चोचीचे. एकाने शिंपल्याच्या फटीत चोच घातली, मान दोनतीनदा जोरात वळवली आणि आतलं मांस ओढून काढलं. एवढंच पाहायला मी पुन्हा येईन.

पाणी उतरू लागलं तशा वाळूवर गाड्याही आल्या. एक चारचाकी मुद्दाम थव्यात घातली गेली आणि सगळे उठले. हे पाहून जीव तुटतो. असं प्रत्येक उडणं म्हणजे साठवलेली ताकद फुकट जाणं. चालवणाऱ्या मुलाला थांबवून दुर्बीण दिली, कालवफोड्या दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि गाडी सुरूच्या मागे नेऊन लावली.

दुपारच्या बोटीत बसून यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली. कालवफोडे अकरा. कुरव मोजून संपेनात, तिथे अंदाज लिहिला.