टिंबांच्या रांगेतला ५

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. दर महिन्याला लिनक्सची ‘आरपीएम -व्हीए’ ही आज्ञा चालवायची, म्हणजे पॅकेजमधून आलेल्या फाइलींचे हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारे ठसे, मूळ नोंदीशी ताडून बघितले जातात. कॉन्फिगरेशनच्या फाइली वेगळ्या दिसणारच. पण त्या शनिवारी एसएसएचडीची, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रॅमची ओळ आली. नऊ तपासण्यांच्या नऊ जागा, जुळलं तिथे टिंब: आठ टिंबं, तिसऱ्या जागी ५. आकार तोच, तारीख तीच, फक्त हॅश वेगळा. हातपाय गार पडले. लॉगिनचं दारच कुणीतरी बदललंय, तेही तारीख जुळवून!

सहकारी म्हणाला, “पॅकेज पुन्हा टाक, सुटलास.” या वृत्तीचा मला मनस्वी राग आहे. पुरावाच पुसला तर काय झालं ते कळणार कधी?

तेच पॅकेज लॅपटॉपवर उतरवलं, त्याची डिजिटल सही तपासली, आतली फाइल काढून सर्व्हरवरच्या प्रतीशी ‘सीएमपी -एल’ने ताडली; वेगळ्या निघालेल्या प्रत्येक बाइटची ते एक ओळ छापतं. घुसखोराची फाइल असती तर ओळींचा पाऊस पडला असता. इथे एकच ओळ होती. अष्टमानात १४५ च्या जागी १०५, म्हणजे एकच बिट उलटलेला. पेज कॅश, म्हणजे वाचलेल्या फाइलींच्या रॅममध्ये ठेवलेल्या प्रती, रिकामी केली आणि पुन्हा हॅश काढला, तर चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली! डिस्कवरची फाइल धडधाकट होती, रॅममधली प्रत नासली होती. रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, पहिल्याच फेरीत लाल ओळी. डेस्कटॉपची साधी, ईसीसी (उलटलेला बिट पकडून सुधारणारी सोय) नसलेली रॅम घालून ‘सर्व्हर’ म्हणून विकलेलं यंत्र. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

रॅम बदलली. झोप मात्र उडाली ती उडालीच. एसएसएचडी नुसती वाचली जाते, म्हणून ती वाचली. खात्यांची पानं त्याच रॅममधून रोज डिस्कवर लिहिली जात होती. त्यांचा मूळ हॅश कुणाकडे आहे? डेटाबेसचा चेकसम, म्हणजे पानं लिहिताना काढलेला पडताळणीचा आकडा, चालू असता तरी आधीच उलटलेल्या बिटावर त्याने इमानाने शिक्का मारला असता. बॅकअपही त्याच पानांचे.

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची बेरीज, पैशापैशाने जुळली. पण वारसाचं नाव, फोन नंबर यांची बेरीज होत नाही. सोमवारपासून दोन कारकून कागदी अर्ज घेऊन पडद्याशी एकेक नाव ताडताहेत. काल संध्याकाळपर्यंत ‘म’ अक्षरापर्यंत आले होते. अजून काही सापडलेलं नाही.