तुम्ही विचारलंत म्हणून: मग विलन कोण?

"रीपर विलन नाहीत, मग मारायचं कोणाला?"

हे मला पहिल्यांदा विचारलं आमच्या बिल्डिंगमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलानं. मग त्याच्या वडिलांनी, मग ऑफिसातल्या दोघांनी. 'मास इफेक्ट' हा व्हिडिओ गेम मोडून मी तो कागदावर मराठीत परत मांडलाय, हे ज्याच्या कानावर जातं तो हेच विचारतो. समोरच्या फ्लॅटमधल्या मासी तर अजून लिफ्टमध्ये भेटल्या की हसत हसत म्हणतात, "पण आमां विलन कोण छे?" तिसरा मजला येतो आणि उत्तर अर्धवट राहतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून सांगतो.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मास इफेक्ट' कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीचा. पहिला भाग २००७ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये, तिसरा २०१२ मध्ये. आकाशगंगेत कितीतरी जाती आधीपासून नांदतायत, माणूस उशिरा पोचलेला पाहुणा. सगळ्यांचं येणं-जाणं मास रिलेंवर चालतं. अवकाशात तरंगणारी ही प्रचंड यंत्रं जहाजाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला क्षणात भिरकावून देतात. प्रोथियन नावाच्या नामशेष जातीनं ती बांधली, असा सगळ्यांचा समज. खरी बांधली रीपरांनी. हे अजस्र यंत्रजीव दर ५०,००० वर्षांनी येतात आणि पुढारलेली प्रत्येक जात शेतासारखी कापून नेतात.

पहिल्या भागात सॉव्हरिन नावाचा रीपर नायकाशी, म्हणजे शेपर्डशी बोलतो. मी तो प्रसंग रात्री दोन वाजता खेळलो होतो आणि उठून दिवा लावला होता. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: रिले आमचे आहेत, ते वापरता वापरता तुम्ही आम्हाला हव्या त्या वाटेनं वाढता. का, ते मात्र तो सांगत नाही. तुम्हाला समजण्यापलीकडचं आहे म्हणतो आणि विषय संपवतो. यापेक्षा चांगला विलन मी कुठल्याच खेळात पाहिला नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ते 'का' सांगितलं, आणि तिथंच घोळ झाला. एक लहान मुलाच्या रूपातली बुद्धिमत्ता येते आणि समजावते की यंत्रं कधी ना कधी आपल्या निर्मात्यांवर उलटतातच, म्हणून ती तशी उलटायच्या आत आम्ही यंत्रंच येऊन निर्मात्यांना कापून नेतो. बरं, काही तासांपूर्वीच मी क्वेरियन आणि त्यांनी घडवलेले गेथ यांच्यात तह घडवून आणलेला! माणसासारखी माणसं आणि यंत्रं एका ग्रहावर राहायला तयार झाली होती. त्या पोराला हे सांगायची सोय खेळात नाही. शेवटाचे तीन पर्याय, तीन रंग: लाल, निळा, हिरवा. लोक इतके चिडले की काहींनी पैसे जमवून बायोवेअरला याच तीन रंगांचे शेकडो कपकेक पाठवले, चव मात्र सगळ्यांची एकच. जूनमध्ये कंपनीनं वाढीव शेवट फुकट दिला. मला त्यानंही समाधान झालं नाही.

दुसऱ्या भागात एक धागा आहे. हेस्ट्रॉम ग्रहाचा सूर्य वेळेआधी म्हातारा होतोय, आणि संशय कृष्ण ऊर्जेवर आहे. त्या धाग्याचं पुढं काहीच झालं नाही. पहिल्या भागाचे मुख्य लेखक ड्रू कार्पिशिन यांनी नंतर सांगितलं की कृष्ण ऊर्जेभोवती शेवट गुंफायचा एक विचार होता, पण तो पूर्ण आकाराला आला नव्हता. हे वाचून मी म्हटलं, बरं झालं, आपल्याला जागा राहिली. आणि मग आठ-दहा वर्षं काहीच केलं नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीला आमच्या बडोद्यात पाऊस कोसळला आणि विश्वामित्री नदी फुगली. काळा घोड्याच्या पुलाशी पाणी ३७ फुटांच्या आसपास गेलं, धोक्याच्या खुणेच्या दहा-बारा फूट वर. अकोट्यात आमचं पार्किंग बुडालं, लाइट गेली, आणि आमच्याकडे बिल्डिंगमधली पाच मुलं येऊन बसली.

फोनमध्ये चार्जिंग होतं तोवर सगळे एकच गोष्ट बघत होते: मगरी. अकोटा स्टेडियमजवळ घराच्या छपरावर चढून बसलेली मगर देशभर दिसली. वनखात्यानं तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी धरल्या. पाणी उतरल्यावर तर दोघांनी एक मगर चक्क स्कूटरवर आडवी धरून वनखात्याकडे पोचवली. बडोद्यात हे व्हायचंच.

पण मगरीनं काय केलं होतं? नदी वर आली, तिच्याबरोबर ती आली. पाणी का आलं, त्याचा फोटो नव्हता. काठची कोतरं, म्हणजे घळी, भरत गेली, पाणी पसरायच्या जागा भरत गेल्या, ट्रकामागून ट्रक, वर्षानुवर्षं. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं माझ्या लहानपणी मोठा खळगा होता. दांडिया बाजारातून सायकलवर डबल सीट येऊन आम्ही तिथं बेडूक धरायचो. पुढं तिथंच फ्लॅट घेताना मला कोणी फसवलं नाही. खळगा मला चांगला आठवत होता.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभा राहून, बुडालेल्या माझ्याच स्कूटरचा आरसा बघताना मला खेळ सापडला. रीपर म्हणजे मगरी. ते येतात, कारण त्यांची जागा त्यांना पुरेनाशी होते.

मूळ खेळातलं शास्त्र इथं आयतंच मदतीला येतं. एलिमेंट झीरो नावाच्या द्रव्यातून वीज सोडली की कृष्ण ऊर्जा निघते आणि तिनं वस्तूचं वस्तुमान कमी-जास्त करता येतं. जहाजं चालतात ती त्यावर, रिलेही त्यावर. म्हणजे आकाशगंगेतली प्रत्येक फेरी काही ना काही बाहेर सोडतेच. मी एवढंच ठरवलं की ते साचतं.

आईकडून कडवे वाल मागून घेतले. ६२ मोजले, कारण अजव्याच्या धरणाला ६२ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात हा आकडा बडोद्यात पोरासोरांनाही पाठ असतो. नियम एकच: रिलेवरून उडी मारली की एक वाल श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. कशासाठी, ते विचारायचं नाही. मूळ खेळातले कीपर मी ठेवले. सिटाडेल या अवकाशस्थानकावर मुकाट्यानं काम करणारे हे किडे, त्यांच्याकडे कोणी लक्षच देत नाही. सहा वर्षांच्या छोट्याला नियम झेपत नव्हते, म्हणून त्याला कीपर केलं. डब्यात वाल टाकायचं काम त्याचं.

पहिल्या दिवशी पोरांनी धडाधड उड्या मारल्या. औषधं पोचवायला, बाजाराला, नुसतं फिरायलासुद्धा. रीपर आले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या मुलानं तोफा डागल्या. रीपरांनी उलट काहीच केलं नाही. तो इतका हिरमुसला की मला वाईट वाटलं. चाळिसाव्या वालाला मी एक सूर्य विझवला, त्याच्याभोवतीच्या वसाहतीसकट, आणि डबा मध्ये ठेवला.

मला वाटलं होतं पोरं गप्प होतील. छे. तुझ्या उड्या जास्त, माझ्या कमी, यावरून अर्धा तास भांडण. एकाचं म्हणणं, पुढच्या वेळी वालांवर स्केचपेननं नावं घालू.

मग बारा वर्षांची मुलगी म्हणाली, मी रिले वापरणारच नाही. मूळ खेळात रिलेशिवाय जहाज दिवसाला साधारण डझनभर प्रकाशवर्षं कापतं. आकाशगंगेची रुंदी एक लाख प्रकाशवर्षं धरून तिनं कागदावर भागाकार केला: जवळजवळ २३ वर्षं. "पस्तीस वर्षांची होईन, चालेल," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या वसाहतीला औषध आठ दिवसांत हवंय. ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. मग हात पुढे करून कीपरला म्हणाली, "टाक एक." माझा विलन खेळात पहिल्यांदा दिसला तो इथं.

एका मित्राचं म्हणणं असं की हा विलन नव्हे, हा पर्यावरणाचा धडा. त्याचं थोडं खरं आहे. शिवाय गोळ्या झाडण्यात मजा असते, मी मूळ खेळातल्या लढाया दोनदा खेळलोय, आणि माझा खेळ दुसऱ्या दुपारी चांगलाच रेंगाळला. माझ्या पहिल्या कच्च्या आराखड्यात एक गोडबोल्या मंत्रीही होता, सगळे आकडे दडवून ठेवणारा. खोडला. पोरांनी त्याला मारला असता आणि खूश होऊन घरी गेली असती. शेवटी येऊन सगळा दोष स्वतःच्या नावावर समजावून देणारं मूळ खेळातलं ते पोर मला परत नको होतं.

शेवट काय झाला, हेही विचारतात. दुसऱ्या रात्री आई म्हणाली, "भाजी संपलीय. खेळ झाला असेल तर माझे वाल परत द्या." डब्यात तेव्हा ५१ होते. तिनं ते बरणीतल्या वालांत मिसळून भिजत घातले आणि पुढचा खेळ आम्ही शर्टाच्या बटणांवर चालवला, पण रंग गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मोड धड आले नव्हते तरी, सगळ्यांनी मिळून वाल सोलले आणि तिनं बिरडं केलं. समोरच्या मासींचा गॅस संपला होता, म्हणून त्यांच्याकडे छोट्याच्या हातून वाटी पाठवली. मी मागे मेणबत्ती धरून उभा होतो.

मासींनी वाटीत डोकावून विचारलं, "आ शुं छे?"

"विलन," तो म्हणाला.